चार हजार अंशांपर्यंत न वितळणारी कार्बाईडं साध्या हवेत का टिकत नाहीत?

भट्टीकाठी

भट्ट्यांच्या अस्तरावरच्या धाग्यात हाफ्नियम कार्बाईडबद्दल (हाफ्नियम धातू आणि कार्बनचं संयुग) एकाने विचारलं होतं, "हाफ्नियम कार्बाईड सगळ्यात जास्त तापमानाला वितळतं, तर भट्टीच्या आतलं सगळं त्याचंच का करत नाहीत?" तिथे चर्चा किमतीवर गेली आणि तिथेच थांबली. किंमत आडवी येतेच, पण हाफ्नियम उद्या लोखंडाच्या भावाने मिळालं तरी ते भट्टीत चालणार नाही. आडवी येते ती हवा. त्यावर नीट बोलावं म्हणून हा वेगळा धागा.

आधी आकडे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लेसरने तापवून मोजलेला हाफ्नियम कार्बाईडचा द्रवणांक ३९५८ अंश सेल्सिअस आला, टँटलम कार्बाईडचा ३७६८. झिर्कोनियम कार्बाईड साडेतीन हजारांच्या आसपास, टायटॅनियम कार्बाईड तीन हजारांच्या वर, टंगस्टन कार्बाईड २८०० च्या आसपास. पण हे सगळं निर्वात जागेत किंवा आरगॉनमध्ये. उघड्या हवेत यातली बहुतेक मंडळी ५०० ते ८०० अंशांच्या दरम्यानच ऑक्सिजन ओढायला लागतात. लोखंड जेमतेम लाल दिसायला लागतं तेवढ्या तापमानाला.

हवेत तापलेल्या कार्बाईडमध्ये दोन गोष्टी एकदम चालू असतात. धातूचा ऑक्साईड होतो आणि तो पृष्ठभागावर साचतो. कार्बनचा मोनॉक्साईड किंवा डायऑक्साईड होतो आणि तो बाहेर पडू पाहतो. नुसत्या टायटॅनियम धातूच्या बाबतीत पहिलीच भानगड असते. टायटॅनियम कार्बाईडमध्ये धातूचे जितके अणू, जवळपास तितकेच कार्बनचे, त्यामुळे ऑक्साईडच्या थराखाली सतत वायू तयार होत राहतो. थर घट्ट असेल तर खाली दाब वाढून तो फुगतो, तडकतो. थर सच्छिद्र असेल तर वायू सुटतो, पण त्याच छिद्रांतून ऑक्सिजन आत शिरतो. हा पेच ज्या ऑक्साईडला सोडवता येतो तोच खालच्या कार्बाईडला वाचवतो.

म्हणून माझं ठाम म्हणणं असं की कार्बाईड निवडताना द्रवणांक नंतर बघा, आधी त्याच्या ऑक्साईडची कुंडली मांडा. तो किती अंशांना वितळतो, उडून जातो का, कार्बाईडपेक्षा किती जास्त जागा मागतो, थंड होताना त्याचा स्फटिक बदलतो का, आणि त्याच्यातून ऑक्सिजन किती सहज पलीकडे जातो.

टंगस्टन कार्बाईडचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याकडे प्रत्येक वर्कशॉपमध्ये आहे. १०० ग्रॅम टंगस्टन कार्बाईड पूर्ण ऑक्सिडाईझ झालं तर ११८.४ ग्रॅम टंगस्टन ट्रायऑक्साईड मिळतो. वजन १८ टक्क्यांनी वाढलं, पण आकारमान बघा. कार्बाईडची घनता १५.६, म्हणजे १०० ग्रॅमचे साधारण ६.४ घन सेंटिमीटर. ऑक्साईडची घनता ७.१६, म्हणजे साडेसोळा घन सेंटिमीटर. अडीच पटीहून जास्त. एवढी जागा कुठून आणणार? कोपऱ्यांवर, धारांवर थर आधी उकलतो, मग सपाटीवर. भट्टीतून काढलेला जुना इन्सर्ट (हत्यारात बसवायचा कार्बाईडचा कापणारा तुकडा) हातात घेतला तर हळदीसारखी पिवळी, जराशी हिरवट भुकटी बोटाला लागते आणि आतला गाभा तेवढा काळा, टणक उरलेला असतो.

त्यातून हा ऑक्साईड १४७३ अंशांना वितळतो, आणि हजाराच्या वर गेलं की घन अवस्थेतूनच उडायला लागतो. हवेत पाण्याची वाफ असेल तर आणखी लवकर. म्हणजे आधी फुगून तडकला, मग उरलेला उडाला. त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

टूलरूम

एकदम आमच्या रोजच्या कामाचा विषय काढलात, दादा.

कार्बाईडची टिप शँकवर (हत्याराच्या दांड्यावर) ब्रेझ करताना, म्हणजे चांदीच्या पट्टीने जोडताना, नवा मुलगा हमखास ज्योत थेट टिपेवर धरतो. टिप लहान, पटकन लाल होते, आणि चांदीची पट्टी वितळायच्या आधीच टिपेवर ऑक्साईड धरतो. मग पट्टीचा रस टिपेला चिकटतच नाही, नुसते गोळे होऊन घरंगळतात. आम्ही शिकवतो ते असं: टिप आणि शँक दोन्हीकडे फ्लक्स लाव, ज्योत शँकला खालून दे, आणि उष्णता शँकमधून टिपेत चढू दे. फ्लक्स पाण्यासारखा पातळ होऊन चकाकला की पट्टी लाव. फ्लक्समधला टाकणखार आणि फ्लुराईड ऑक्साईड विरघळवतात आणि वरून हवा रोखतात. ज्योतही जरा जास्त गॅसची ठेवायची.

कोटिंगचं कारणही हेच ना? कटिंग एजवर ८००-१००० अंश सहज होतात.

भट्टीकाठी

हो, मोठं कारण हेच. घर्षण आणि झीज आहेच, पण धारेवरच्या तापमानाला उघडं कार्बाईड ऑक्सिडेशनने पोखरलं जातं. टायटॅनियम नायट्राईडचं सोनेरी कोटिंग साधारण ५५०-६०० अंशांपर्यंत साथ देतं. त्यात ॲल्युमिनियम मिसळलं की वर ॲल्युमिनाची पातळ कातडी धरते आणि मर्यादा ८०० च्या आसपास जाते. टर्निंगच्या इन्सर्टवर तर ॲल्युमिनाचाच थर देतात. तो आधीच ऑक्साईड, त्याला आणखी ऑक्सिजन लागत नाही.

इन्सर्टमध्ये कार्बाईडचे कण बांधून ठेवणाऱ्या कोबाल्टचाही हात असतो. ज्या ग्रेडमध्ये कोबाल्ट जास्त ती हवेत थोडी सावकाश ऑक्सिडाईझ होते. कोबाल्ट आणि टंगस्टन मिळून कोबाल्ट टंगस्टेट होतो, तो नुसत्या टंगस्टन ट्रायऑक्साईडपेक्षा दाट बसतो आणि कमी उडतो. फरक मोठा नाही, पण मोजता येतो.

शिरोलीकर

आमची फाउंड्री, म्हणून दोन शंका विचारतो.

एक, ॲल्युमिनियम आणि पितळ वितळवायला सिलिकॉन कार्बाईडच्या मुशी वापरतो. पुरवठादार सांगतात, मूस ४०० ते ८०० अंशांमध्ये रेंगाळू देऊ नका, तिथून पटकन वर न्या. जास्त तापमानाला जास्त ऑक्सिडेशन व्हायला हवं, मग मधल्या तापमानाची भीती कशाला?

दोन, हीट ट्रीटमेंटची भट्टी तापवायला सिलिकॉन कार्बाईडचे रॉड आहेत. नवे असताना अँपिअर भरपूर, मग हळूहळू उतरत जातात आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेजची पायरी) वाढवत बसावं लागतं. शेवटी टॅप संपतो. रॉड तुटलेले नसतात, तरी बदलावे लागतात. असं का?

वैनगंगा

धागाकर्त्यांच्या आधी मी उत्तर देते, चालेल ना? माझं काम सिलिकॉन कार्बाईडवरच चालतं (सध्या जर्मनीत, मूळची भंडाऱ्याची).

सिलिकॉन काही धातू नाही, पण या चर्चेत सिलिकॉन कार्बाईड हवंच, कारण वर मांडलेला पेच सगळ्यात चांगला त्यानेच सोडवलाय. त्याचा ऑक्साईड म्हणजे सिलिका. ती १७०० अंशांच्या जरा वर वितळते, उच्च तापमानाला काचेसारखी किंचित वाहती होते, त्यामुळे बारीक भेग पडली तरी बुजते. आणि तिच्यातून ऑक्सिजन अतिशय सावकाश सरकतो. थर जाड होत जातो तसा वेग मंदावतो, आलेख अन्वस्ताचा येतो. शुद्ध, दाट सिलिकॉन कार्बाईड १३०० अंशांना कोरड्या हवेत शंभर तास ठेवलं तरी थर काही मायक्रॉनचाच.

आता मूस. मुशीत सिलिकॉन कार्बाईडबरोबर ग्रॅफाईट आणि कार्बनी बंधही असतो. ग्रॅफाईट ४००-५०० अंशांपासून जळायला लागतं, पण त्याचं रक्षण करणारा वरचा ग्लेझ तोपर्यंत वितळलेला नसतो. ग्लेझ वितळून पसरला की मूस झाकली जाते. म्हणजे ४०० ते ८०० हा उघड्यावरचा पट्टा. तिथे रेंगाळलात की बंध जळतो, भिंत आतून भुसभुशीत होते, आणि नंतर चिमट्याने उचलताना तुकडा निघतो. पण नवी किंवा ओल धरलेली मूस आधी २०० अंशांपर्यंत सावकाश सुकवा, मग पळवा. नाहीतर वाफेने तडकायची.

रॉड सच्छिद्र असतात, दाण्याला दाणा चिकटून बनलेले. वीज जाते ती दाण्यांमधल्या अरुंद मानांमधून. ऑक्सिजन छिद्रांतून आत जातो आणि त्या मानांवर सिलिका चढवतो. सिलिका वीज नेत नाही, मान बारीक होत जाते, रोध वाढतो. आयुष्याच्या शेवटी मूळच्या तीन-चार पट झालेला असतो. म्हणूनच एकच रॉड बदलायचा नसतो. समांतर जोडणीत नवा रॉड कमी रोधाचा, सगळा भार तोच ओढतो आणि लवकर जातो. पूर्ण संच बदला, किंवा जुन्यातलेच जवळच्या रोधाचे जुळवून लावा. भट्टीत ओलं अस्तर, ओला माल, वाफ असेल तर म्हातारपण लवकर येतं.

ऋता_के

खूप छान चाललाय धागा. ताई, एक अडलंय. मी सिलिकॉन कार्बाईडसाठी दादांचाच हिशोब करून पाहिला. कार्बाईडचे १२.५ घन सेंमी प्रति मोल, काचेसारख्या सिलिकाचे २७ च्या वर. म्हणजे दुपटीहून जास्त! टंगस्टनला अडीच पट म्हणून दोष दिला, मग सिलिकाला माफी का? आणि झिर्कोनियमसाठी गुणोत्तर फक्त १.४ येतं, तरी तो वाईट म्हणतात.

वैनगंगा

ऋता, बरोबर जागी बोट ठेवलंस. नुसत्या गुणोत्तरावर निवाडा होत नाही. सिलिका वाहते, त्यामुळे वाढीचा ताण तिच्यात साठत नाही, आणि थरच इतका पातळ की ताण सोसवतो.

झिर्कोनियमचा घात वेगळ्या दोन गोष्टींनी होतो. पहिली, झिर्कोनिया, म्हणजे त्याचा ऑक्साईड, ऑक्सिजनचा उत्तम वाहक आहे. गाडीच्या सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर झिर्कोनियाचा असतो तो याच गुणामुळे. जो पदार्थ ऑक्सिजनच्या आयनांना आरपार जाऊ देतो म्हणून आपण सेन्सरमध्ये वापरतो, तो ऑक्सिजन अडवणारी भिंत कसा होणार? दुसरी, शुद्ध झिर्कोनिया तापताना ११७० अंशांच्या आसपास स्फटिकाची रचना बदलते आणि थंड होताना परत मूळ रचनेत येते, तेव्हा आकारमान एकदम चार-पाच टक्क्यांनी वाढतं. गरम असताना धड दिसणारा थर थंड करताना तडकून गळतो. दर फेरीला नवा पृष्ठभाग उघडा.

त्यातही कमी तापमानाला, ६०० च्या आसपास, आणखी एक गंमत दिसते. झिर्कोनियमला ऑक्सिजनची ओढ कार्बनपेक्षा जास्त, त्यामुळे आधी धातू ऑक्साईड होतो आणि कार्बन मोकळा होऊन त्या ऑक्साईडमध्येच अडकून राहतो. नमुना काळा दिसतो. तो कार्बन नंतर जळतो आणि जाताना थर फोडतो. घनाकृती तुकड्यांच्या कडा आधी फाटून चार बाजूंना फाकतात, मधला गाभा उरतो. प्रयोगशाळेत हा फाकलेला तुकडा पाहिला की झिर्कोनियम कार्बाईड ओळखूच येतं.

हाफ्निया (हाफ्नियमचा ऑक्साईड) यात जरा बरा. त्याचा असाच रूपबदल १७०० च्या आसपास होतो आणि आकारमानातला फरक कमी असतो. हाफ्नियम कार्बाईड चौदाशेच्या वर ऑक्सिडाईझ होताना तीन पदर दिसतात. आत ऑक्सिजन मुरलेलं कार्बाईड, मध्ये ऑक्सिजन-कार्बन दोन्ही असलेला दाट पदर, आणि बाहेर सच्छिद्र हाफ्निया. मधला पदर ऑक्सिजनला बऱ्यापैकी अडवतो. अतिउष्णतेच्या कामासाठी लोक हाफ्नियमच्या मागे आहेत ते या पदरासाठीही, नुसत्या ३९५८ च्या आकड्यासाठी नाही.

टँटलम आणि निओबियमचं मात्र कठीण आहे. टँटलमचा ऑक्साईड १८७२ ला वितळतो, निओबियमचा १५१२ ला, आणि दोन्ही दुपटीच्या घरात फुगतात. व्हॅनेडियमचा ऑक्साईड तर सातशेच्या आतच वितळून वाहायला लागतो.

अनिकेत७

विमानांकडून माझी भर.

लीप इंजिनांच्या टर्बाईनमध्ये सिलिकॉन कार्बाईडच्या धाग्यांनी बांधलेल्या सिलिकॉन कार्बाईडचे श्राउड (फिरत्या पात्यांभोवतीचं कडं) आहेत. मुंबईहून उडणाऱ्या अकासाच्या ७३७ मॅक्सना हीच इंजिनं आहेत, म्हणजे इथल्या अनेकांनी या सिरॅमिकबरोबर प्रवास केला असेल. पण इंधन जळलं की पाण्याची वाफ होते, आणि दाबाखालची, वेगाने वाहणारी वाफ सिलिकाशी मिळून सिलिकॉन हायड्रॉक्साईडचा वायू बनवते. थर एकीकडून वाढतो, दुसरीकडून वाऱ्यावर जातो. जाडी स्थिर राहते आणि खालचा भाग मात्र कायम झिजत राहतो. त्यासाठी वरून यिटर्बियमसारख्या दुर्मिळ मृदाधातूंच्या सिलिकेटचं अस्तर द्यावं लागतं. ते अस्तर नसेल तर सिलिकाचा सगळा चांगुलपणा कोरड्या हवेपुरताच.

दुसरं उदाहरण स्पेस शटलचं. पंखांच्या पुढच्या कडा कार्बन-कार्बनच्या, वर सिलिकॉन कार्बाईडचा थर आणि भेगा बुजवायला काचेचं सीलंट. १९९० च्या दशकात कोलंबिया यानाच्या कडांवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं सापडली. शोध घेता कारण निघालं प्रक्षेपण मंचाच्या रंगातलं जस्त! मंचाच्या लोखंडाला दिलेल्या जस्ताच्या प्रायमरचे कण पावसाच्या पाण्याबरोबर पंखांवर पडत होते. परतीच्या उष्णतेत जस्ताच्या ऑक्साईडने काचेशी संधान बांधलं आणि थराला भोक पाडलं. (२००३ चा अपघात वेगळ्या कारणाने झाला, तो इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा आदळून.)

शिरोलीकर

हे वाचून एक उलगडलं. आमच्याकडे मिठाच्या फ्लक्सवर काम चालतं त्या मुशी कमी टिकतात, तेही असंच असणार.

वैनगंगा

अगदी तसंच. सोडियम, पोटॅशियम सिलिकात गेले की काच लवकर पातळ होते आणि ऑक्सिजन तिच्यातून जास्त वेगाने जातो. ग्लेझही त्यानेच खाल्ला जातो. फ्लक्स टाकायचा तो धातू पूर्ण वितळल्यावर आणि रसाच्या मधोमध, मुशीच्या भिंतीला लागू द्यायचा नाही.

आणि ऑक्सिजन फार कमी असला तरी सिलिकॉन कार्बाईड धोक्यात येतं, हे लोकांना पटकन पटत नाही. निर्वात भट्टीत, तापमान खूप आणि ऑक्सिजन अगदी थोडा असेल तर घन सिलिका बनायलाच पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. सिलिकॉन मोनॉक्साईडचा वायू होतो आणि उडतो. थर नाही, राखण नाही, वजन घटतच जातं. थोडी हवा जास्त असती तर वाचलं असतं अशी स्थिती.

अणुशक्तीनगर

निवृत्त माणूस, सगळं वाचतोय. एक मुद्दा राहिला, तो कणांच्या आकाराचा. "अमुक कार्बाईड अमुक तापमानाला ऑक्सिडाईझ होतं" हा आकडा भुकटीचा की दाट तुकड्याचा, हे विचारल्याशिवाय त्याला किंमत नाही.

कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर चाचणी अणुभट्टी ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली ती प्लुटोनियम-युरेनियमच्या मिश्र कार्बाईडवर, ७० टक्के प्लुटोनियम कार्बाईड आणि ३० टक्के युरेनियम कार्बाईड. ते इंधन तयार झालं आपल्या ट्रॉम्बेला. या कार्बाईडची बारीक भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते, दमटपणाही तिला सोसत नाही. म्हणून दळण्यापासून गोळ्या पाडण्यापर्यंत सगळं काम निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेट्यांमध्ये, ऑक्सिजन आणि बाष्प दोन्ही सतत मोजत करायचं. दाबून, भाजून दाट गोळी झाली की तीच वस्तू पुष्कळ शांत होते. रसायन तेच, उघडा पृष्ठभाग किती एवढाच फरक. तरुण मुलांनी कार्बाईड दळताना हे कायम ध्यानात ठेवावं. झिर्कोनियम, टायटॅनियमच्या अगदी बारीक भुकटीलाही हाच नियम.

टूलरूम

काका, फार मोलाची माहिती. धन्यवाद.

स्प्रे कोटिंगवाल्यांसाठी एक सांगा. व्हॉल्व्हच्या सीटवर आम्ही टंगस्टन कार्बाईड-कोबाल्टचं स्प्रे करून घेतो, पण ग्राहकाचं तापमान ७०० आहे. चालेल का?

भट्टीकाठी

नाही चालणार. ते कोटिंग साधारण ५०० च्या आतलं. तुम्हाला क्रोमियम कार्बाईड आणि निकेल-क्रोमचं हवं, ते साडेआठशेपर्यंत टिकतं. इथेही कुंडली ऑक्साईडचीच. क्रोमियमचा ऑक्साईड दाट बसतो, चिकटून राहतो, आणि निकेल-क्रोमचा बंधही तोच ऑक्साईड धरतो. कडकपणा टंगस्टन कार्बाईडपेक्षा कमी मिळेल, पण ७०० ला तो कडकपणा कोटिंग जागेवर असेल तरच कामाचा.

एक सांगायचं राहिलं. हेच ऑक्सिडेशन भंगाराच्या धंद्यात कामाला येतं. जुने इन्सर्ट मुद्दाम हवेत ८००-९०० अंशांना भाजतात. इतकं कठीण कार्बाईड फुगून ठिसूळ ऑक्साईड होतं, ते दळता येतं, मग कॉस्टिक सोड्यात विरघळवून टंगस्टन परत काढतात. तेव्हा जुन्या टिपा साध्या लोखंडाच्या भंगारात टाकू नका, वेगळ्या साठवा.

ऋता_के

शेवटचा प्रश्न, माझ्या प्रोजेक्टचा. कोबाल्टवाल्या टंगस्टन कार्बाईडचे तुकडे ११०० अंशांना वाहत्या हवेत ठेवून वजन घेतेय. वाढ अपेक्षेच्या खूप खाली येते, आणि तास वाढवले की वजन उलट उतरायला लागतं. तुकडा तर पूर्ण पिवळा-निळा झालेला दिसतो.

भट्टीकाठी

ऋता, ६ टक्के कोबाल्ट धरलं तर पूर्ण ऑक्सिडेशनला १०० चे ११८.९ व्हायला हवेत. तुझं वजन उतरतंय कारण ११०० ला टंगस्टन ट्रायऑक्साईड उडतोय. हवा वाहती आहे, तीच तो घेऊन जाते. त्यात हवा न सुकवता सोडत असशील तर आणखी. वजनाच्या काट्याला ऑक्सिजन आत येणं, कार्बन बाहेर जाणं आणि ऑक्साईड उडणं यांची फक्त बेरीज-वजाबाकी कळते.

आधी ७००, ७५० आणि ८०० ला कर, तिथे उडणं नगण्य असतं आणि आलेख सरळ वाचता येईल. सरळ रेषा आली तर थर राखण करत नाहीये असं धर. मग ११०० ला जाताना तुकडा कापून थराची जाडी आणि उरलेल्या गाभ्याची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोज, वजनावर विसंबू नकोस. हवा सिलिका जेलमधून सुकवून सोड. आणि ही भट्टी डिपार्टमेंटमध्ये इतरही वापरत असतील तर आत वेगळी ॲल्युमिनाची नळी घाल. उडालेला ऑक्साईड थंड टोकाला पिवळा जमतो, आणि पुढच्याच्या नमुन्यात टंगस्टन सापडलं की तो महिनाभर कारण शोधत बसेल.